खिडकीपाशी दिलेली आरोळी

२१ जून २०२३ची संध्याकाळ. पाऊस लांबलेला, नाहूरच्या आमच्या घराच्या खिडक्या सताड उघड्या. टीव्हीवर बंगळुरूचा फुटबॉल सामना : भारत विरुद्ध पाकिस्तान. सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि आपण ४-० असे जिंकलो. माझा दहा वर्षांचा भाचा प्रत्येक गोल झाला की खिडकीकडे धावायचा आणि ओरडायचा. सामना संपल्यावर त्याने हळूच विचारले, ‘मामू, खाली ऐकू गेलं असेल ना?’

मी गप्प झालो. क्रिकेटच्या सामन्यांना लहानपणी मीही असाच खिडकीशी जाऊन ओरडलो आहे. आनंद खरा होता. पण तो लोकांना ऐकू जावा ही काळजीही तितकीच खरी होती.

मग मी त्याला ही स्पर्धा भरवणाऱ्या दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाची, म्हणजे ‘सॅफ’ची गोष्ट सांगितली. स्थापना १९९७ची, कचेरी ढाक्याला. सभासद सात : भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, मालदीव आणि २००० साली आलेला भूतान. अफगाणिस्तानही २००५ ते २०१५ या घरात होता. जाण्याआधी, २०१३ साली, काठमांडूत आपल्याला हरवून त्याने करंडक नेला. मालदीवची वस्ती जेमतेम पाच लाखांची. आमच्या भांडुप-नाहूर-मुलुंडमध्ये त्याहून जास्त माणसे राहतात. त्या मालदीवने २००८ आणि २०१८ साली अंतिम सामन्यात आपल्याला हरवले. १९९९ साली गोव्यात बांगलादेश आपल्याकडून अंतिम सामना हरला, आणि २००३ साली त्यानेच ढाक्यात करंडक जिंकला. हरला म्हणून कुणाचे नाव यादीतून खोडले गेले नाही.

सभासदत्व जाते ते नियम मोडल्यावर. ऑगस्ट २०२२मध्ये बाहेरच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन ‘फिफा’ने आपल्याच महासंघाला निलंबित केले होते. दहा दिवसांत कारभार मार्गी लागला, निलंबन उठले. टाळ्या कोण किती जोरात वाजवतो, याची नोंद तिथे कुठल्याच वहीत होत नाही.

मी म्हणालो, ‘बेटा, आपण या देशाचे जन्माने सभासद. ते आवाजावर ठरत नाही. ओरडायचं ते खुशीनं ओरड.’

४ जुलैला अंतिम सामना झाला. पाहुण्या कुवेतला आपण पेनल्टींवर हरवले. भाचा या वेळी खिडकीकडे गेला नाही. बसल्या जागीच असा ओरडला, की स्वयंपाकघरातून माझी बहीण हातातले लाटणे घेऊन धावत आली.