विष आणि मजुरी



३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूरजवळ वाघाडी येथे रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि १३ जण प्राणास मुकले. त्या दिवशी सारा खानदेश हळहळला. स्फोट ऐकू येतो, म्हणून समाज जागा होतो. पण जे विष आवाज न करता अंगात भिनते, त्याचे काय?

कपाशीवर फवारणी करणारा मजूर पाहा. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, पाय अनवाणी. विचारले तर म्हणतो, "काही व्हत नही, भाऊ." पण मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशके श्वासावाटे जातात, तशीच कातडीतूनही शिरतात. घाम व लाळ सुटते, दृष्टी अंधुक होते आणि अखेर श्वास कोंडतो. २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे दगावली. तेव्हा पुष्कळांनी मजुरालाच दोष दिला, की त्याने हातमोजे घातले नाहीत. आम्ही विचारतो, ते दिले कोणी?

कामगार-चळवळीत आम्ही एक क्रम शिकलो. आधी विष टाळावे किंवा सौम्य वापरावे. मग माणूस आणि विष यांत अंतर राखावे, कामाचे तास कमी करावेत. मुखवटा सर्वांत शेवटी. आपल्याकडे आरंभच मुखवट्यापासून होतो आणि रुमालावर संपतो!

भोपाळच्या १९८४ च्या संहारानंतर, १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली व धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क कामगाराला लाभला. कारखान्याच्या दाराशी उभे राहून तो मागता येतो. शेताला दार नाही, मस्टर नाही. आणि दोष आमचाही आहे: वर्गणी देणाऱ्याचे गाऱ्हाणे आम्ही आधी ऐकले, शेतमजुराचे मागून.

आपल्यापैकी अनेकांची खेड्यात जमीन आहे. म्हणून मागणे आपल्यापाशीच मांडतो. डब्यावरचा रंग पाहा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. डबा उघडण्यापूर्वी त्यावरील सूचना मजुराला वाचून दाखवा. बांधावर साबण-पाणी ठेवा. वारा सुटला तर काम थांबवा, मजुरी मात्र पुरती द्या. बाधा झालीच, तर माणसाबरोबर डबाही दवाखान्यात न्या. कोणते विष, हे डॉक्टरला कळले पाहिजे.

मजूर आपला घाम विकतो, नागरिकहो. जीव विकत नाही.