दोर कापायचा कशाने?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



उन्हाळा लागला की गावोगाव विहिरींचा गाळ निघतो, खोदाई होते, यारी सुरू होते. खाली खोदणारा माणूस आपलाच असतो. त्याच्या डोक्यावरून मुरमाची बकेट एका तारेच्या दोरावर वर जाते. म्हणून आज दोराचे बोलू.

दोराचे टोक खराब झाले की आपण काय करतो? दगडावर दोर, दोरावर छिन्नी, छिन्नीवर घण! आम्हीही तेच करत होतो. शेतीच्या पदवीत हे कोणी शिकवले नाही. एका फिटरच्या शेजारी बसून आम्ही ते शिकलो.

हा दोर म्हणजे एकच तार नव्हे. ६×१९ जातीच्या दोरात सहा पेड, पेडात १९च्या आसपास तारा, मधे गाभा. घणाने टोक चेपते, पेड उसवतात आणि ढिलाई आत सरकते. मग सहा पेडांचा भार दोन-तीन पेडांवर येतो.

म्हणून आधी बांधायचे, मग कापायचे. कापायच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना सळया बांधायची मऊ तार घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळा. मग मधोमध कापा. बारीक दोराला बारीक दातांचा हॅक्सॉ पुरतो. दोर शिकंज्यात धरा. वीज असेल तर ग्राइंडरची कापायची चकती सर्वांत सोपी. मात्र डोळ्यांना चष्मा हवा आणि ठिणग्यांजवळ कडबा नको. गॅस कटर टाळा. त्याच्या आचेने टोकाच्या तारा ठिसूळ होतात, गाभा जळतो.

टोक वळवून यू क्लॅम्प लावताना गोल वाकडी सळई आखूड, मोकळ्या टोकावर आणि खाचेची बैठक भाराच्या दोरावर बसवा. किमान तीन क्लॅम्प लावा. पहिला भार उचलल्यावर नट पुन्हा आवळा. आणि तारा जागोजाग तुटल्या असतील तर कापाकापी नको, दोरच बदला. गाठ मारून दोर जोडणे तर कधीच नको.

नवा दोर परवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. मालाला भाव नसला की काटकसर अशीच कुठेतरी शिरते. पण ती विहिरीत उतरलेल्या माणसाच्या जिवावर करायची नाही. ठेकेदाराकडे बोट दाखवून आपली सुटका नाही, विहीर आपली आहे.

उद्या गावी गेलात की यारी सुरू होण्याआधी दोराचे टोक बघा. मगच माणूस खाली उतरवा.