जनाबाईचं जातं, तुकोबांची खतं



पूर्णा हे जंक्शनचं गाव. इथून नांदेडची, परभणीची, हिंगोलीमार्गे अकोल्याची गाडी मिळते. विद्यार्थ्यांनो, शिकून यातल्याच एखाद्या गाडीनं बाहेर पडावं, नोकरीला लागावं, घर बांधावं, असं तुमच्या आईवडिलांना वाटतं आणि ते रास्तच आहे. पण घर-गाडी झाली की माणूस तृप्त होतो, हा हिशेब मला मान्य नाही. माझा पुरावा आपल्याच परभणी जिल्ह्यातला आहे. गंगाखेडची जनाबाई पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या यांतच तिचा जन्म गेला. पण तिच्या अभंगांत विठ्ठल जात्याशी येऊन बसतो, तिच्याबरोबर दळू लागतो. ती त्याच्यावर रुसते, त्याला हक्कानं बोलते. देवाशी असं भांडणाऱ्या बाईला मनानं दरिद्री म्हणता येईल का?

कुणी म्हणेल, जिच्याकडे काहीच नव्हतं तिनं देवात सुख मानलं, यात नवल ते काय? मग तुकोबांकडे पाहा. देहूत त्यांच्या घरी महाजनकी होती, दुकान होतं, सावकारी होती. 1630च्या सुमारास दुष्काळ पडला, घरातली माणसं गेली. पुढे त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. त्यातही धाकट्या भावाचा निम्मा वाटा आधी त्याच्या हाती दिला आणि बुडवली ती फक्त स्वतःची खतं. हा वैतागाच्या भरात केलेला त्याग नव्हे. हे शुद्धीवरच्या माणसाचं काम आहे.

याहून टोकदार आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सोयाबीनला भाव नाही, डोक्यावर कर्ज आहे, अशा शेतकऱ्याला ‘देवाचं नाव घे’ म्हणणं क्रूरपणाच आहे. त्याला भाव मिळालाच पाहिजे, पाणी मिळालंच पाहिजे. तुकोबांनीही कुळांना नुसतं नामस्मरण सांगून वाटेला लावलं नाही, त्यांना कर्जातून मोकळं केलं. विठ्ठलात मन भरलं होतं म्हणून व्याज सोडताना त्यांचा हात अडखळला नाही. देवाकडे वळलेला माणूस जगाच्या कामाचा राहत नाही, या समजाला माझं उत्तर हेच.

विद्यार्थ्यांनो, शाळेच्या ग्रंथालयातून जनाबाईचे अभंग काढून वाचा. परभणी-परळी मार्गावर गंगाखेड स्टेशन लागतं. सुट्टीत एकदा तिथे उतरून तिच्या मंदिरात जाऊन या.