उजळणीचे पुस्तक केव्हा उघडावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांतून वैद्यकाकडे वळणारी मुलेमुली आता थोडी नाहीत. त्यांचे पालक आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात : परवाना-परीक्षांची उजळणीची पुस्तके मुलांनी कधी हाती घ्यावीत? कोणी म्हणतो पहिल्या वर्षापासून, कोणी म्हणतो शेवटच्या काही महिन्यांत. प्रश्न वरकरणी पुस्तकाचा असला, तरी वस्तुतः तो उद्या या मुलांसमोर बसणाऱ्या रुग्णाचा आहे.

प्रथम परीक्षांचे स्वरूप पाहू. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन परतणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांस भारतात नोंदणीसाठी २००२ पासून एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते. तीत ३०० प्रश्न असतात व उत्तीर्ण होण्यास १५० गुण लागतात. अमेरिकेत परवान्यासाठी १९९२ पासून यूएसएमएलई ही तीन पायऱ्यांची परीक्षा आहे. तिची पहिली पायरी शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र अशा पायाभूत विषयांवर असते. एकाच दिवशी सुमारे २८० प्रश्न सोडवावे लागतात. या पहिल्या पायरीच्या गुणांना रुग्णालयातील पुढील जागेसाठी फार वजन असे. म्हणून कित्येक विद्यार्थी महाविद्यालयात पाऊल ठेवताच मूळ ग्रंथ बाजूस सारून उजळणीच्या पुस्तकास कवटाळीत. २६ जानेवारी २०२२ पासून या पायरीचा निकाल केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा लागतो. दुसऱ्या पायरीस मात्र गुण अद्याप दिले जातात. म्हणजे धावपळ थोडी पुढे सरकली, संपली नाही.

आता पुस्तकाचे स्वरूप. उजळणी हा शब्दच बोलका आहे. भांडे घरात असेल तरच ते उजळता येते; जे मुळात नाही, ते कितीही घासले तरी लखलखणार कसे? उजळणीचे पुस्तक म्हणजे शिकलेल्याची खूण पटविणारी टिपणे. एक उदाहरण घेऊ. अशा पुस्तकात एक ओळ हमखास सापडते : ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी केवळ फोलिक ॲसिड दिले, तर रक्तक्षय सुधारेल, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहील. ही ओळ पाठ करणारा विद्यार्थी एक गुण मिळवील. ज्याने जीवरसायन समजून घेतले आहे, त्याला मात्र ठाऊक असते की रक्तपेशींच्या निर्मितीत ही दोन जीवनसत्त्वे एकमेकांच्या हातात हात घालून काम करतात, आणि ब-१२ ला त्याखेरीज दुसरेही काम आहे, जे फोलिक ॲसिड करू शकत नाही. पायांना मुंग्या येतात म्हणून एखाद्या शाकाहारी आजीबाई आल्या, तर त्या मुंग्यांचा अर्थ त्याला लागेल. पहिल्याला लागेलच, अशी खात्री कोण देईल?

मग उत्तर काय? आमचे मत असे. पहिली दोन वर्षे मूळ ग्रंथ, शवविच्छेदनगृह आणि प्रयोगशाळा हेच विद्यार्थ्याचे घर असावे. उजळणीचे पुस्तक हवे तर दुसऱ्या वर्षापासून जवळ ठेवावे, पण प्रत्येक विषय संपल्यावर आपले काय सुटले हे ताडून पाहण्यापुरते. प्रश्न सोडविणे मात्र आरंभापासून करावे. २००६ साली अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर सरस ठरले. परंतु आठवड्यानंतर सरस ठरले ते पुस्तक मिटून आठवू पाहणारे. पानांवरून पुन्हा पुन्हा नजर फिरविणे म्हणजे शिकणे नव्हे.

अमेरिकेची पहिली पायरी चढू इच्छिणाऱ्यास वैद्यकाची दोन वर्षे पूर्ण करावी लागतात. पायाभूत विषय ताजे असतानाच, दुसऱ्या टप्प्यानंतर, चारसहा महिने नेटाने उजळणी करावी. आंतरवासिता संपेपर्यंत थांबल्यास उजळणी राहत नाही, नव्याने शिकणे होते. परदेशी शिकणाऱ्यांनी एफएमजीईची उजळणी अंतिम वर्षी आरंभावी. तिकडच्या थंड प्रदेशांत हिवताप वा सर्पदंशाचे रुग्ण क्वचितच दिसतात. त्यांचे भारतीय ग्रंथ मात्र सुट्टीत घरी आल्यावर आधीपासूनच वाचीत राहावे.

पालकांस एक विनंती. शेजारच्या मुलाने पुस्तक कधी घेतले, यावरून आपल्या मुलास घाई करू नये. आणि मंडळास एक सूचना : उजळणीच्या पुस्तकांच्या आवृत्त्या वरचेवर बदलतात, ती ज्याची त्याने घ्यावीत. मूळ ग्रंथ महाग असतात व अनेकांच्या हातांखालून जाऊ शकतात. या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या ग्रंथालयात त्यांच्यासाठी एक कपाट राखले गेले, तर पुढील पिढी आपले ऋण मानील.