घरातील पहिली पदवी
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त तरुणांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांत आपण काय उभारिले याचा हिशोब आज सर्वजण मांडीत आहेत. आम्ही मात्र एक कबुली देण्यास उभे आहोत.

काही वर्षांपूर्वी बारावी झालेली एक मुलगी बापासह आमच्याकडे आली. बाप गवंडीकाम करणारा. त्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी कोणीच चढलेले नव्हते. मुलगी म्हणाली, "फादर, मला संगणकशास्त्र शिकायचे आहे." आम्ही तिला परिचारिका होण्यास सुचविले. तो सेवामार्ग थोरच आहे. परंतु तिचा कल पाहून नव्हे, तर त्या नव्या धंद्यात आपल्या ओळखीचे कोणी नाही या भीतीने आम्ही तो सुचविला. आम्ही चुकलो. मुलीने सांगलीस शिक्षण पुरे केले, आणि आज ती पुण्यास हिंजवडीत नोकरीवर रुजू आहे.

या भीतीचे उत्तर आपल्याच मातीत पूर्वी दिले गेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणिली. ज्यांच्या घरी पाटी नव्हती अशा सर्व जातींच्या मुलांस त्यांनी एका वसतिगृहात ठेविले. त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. ती मुले त्यांच्या पोटची नव्हती, हे ध्यानी घ्यावे.

पुढे सांगलीस १९४७ साली व कऱ्हाडास १९६० साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. साताऱ्यात रयतेनेही १९८३ साली तसे महाविद्यालय काढिले. शिक्षण दाराशी आले. मग उणे काय राहिले? उणे राहिले ते सांगणारे माणूस. सुशिक्षित घरी काका-मामा सांगतात, मुलाखतीत कसे बोलावे, करारपत्रावर सही करण्यापूर्वी काय वाचावे. आमच्या या मुलीस दोनदा नकार मिळाला, कारण इंग्रजीत स्वतःची ओळख सांगताना तिची वाचाच बसली. चार महिने तिने घरी काही कळू दिले नाही. तोच एका मध्यस्थाने नोकरी लावून देण्यासाठी पैसे मागितले, आणि आईच्या पाटल्या गहाण पडण्याची वेळ आली. एका वडील वर्गभगिनीने तिला वेळीच बजाविले, "खरी नोकरी देणारा पैसे मागत नाही." एवढ्या एका वाक्याने पाटल्या वाचल्या. ते वाक्य सांगण्याचे काम आमचे नव्हते काय?

ख्रिस्तसभा नव्या यंत्राला पाठ फिरवीत नाही. गिरण्यांच्या युगात १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी श्रमिकांच्या हक्कांविषयी परिपत्रक काढिले. २०२५ साली निवडून आलेल्या पोप चौदाव्या लिओ यांनी तेच नाव धारण केले, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगातही श्रमाची प्रतिष्ठा राखिली पाहिजे, हे त्याचे एक कारण सांगितले. त्याच वर्षी ७ सप्टेंबर रोजी त्यांनी कार्लो अकुतिस या तरुणास संतपद दिले. तो संगणकावर परमप्रसादाच्या चमत्कारांची माहिती जगापुढे मांडीत असे.

पहिल्या पदवीधरांनो, तुम्हांस एकच विनंती. पहिला पगार हाती येईल तेव्हा बापाच्या सिमेंटने भेगाळलेल्या हातांची लाज धरू नका. प्रभू येशूसही लोक सुताराचा पुत्रच म्हणत. आणि आपल्यामागून येणाऱ्यासाठी शिडी ओढून घेऊ नका.

म्हणून महोत्सवाची खूण म्हणून आम्ही असे ठरविले आहे की, महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर नोकरीस लागलेल्यांनी शिकणाऱ्या मुलांजवळ तासभर बसावे. पहिल्या रविवारी येण्याचे त्या मुलीने कबूल केले आहे. तिच्या शेजारी बाकावर आम्हीही बसू. कारण या विषयात शिकणाऱ्यांपैकीच आम्ही एक आहोत.

प्रभू तुमच्या श्रमांस आशीर्वाद देवो. आमेन.