नाळ आणि पुरावा

(गुंद, ता. जोयडा येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



न्यूझीलंडच्या माओरी भाषेत 'फेनुआ' हा एकच शब्द जमिनीलाही आहे आणि बाळंतपणातल्या वारेलाही. वार पूर्वजांच्या जमिनीत पुरायची, ही त्यांची रीत. तुम्हांला याचे नवल वाटणार नाही. 'तिथे माझी नाळ पुरली आहे' असे आपणही म्हणतो. (माझी कुठे गेली कोण जाणे, मी इस्पितळात जन्मलो.)

त्यांचा दुसरा शब्द 'मुआ'. मुआ म्हणजे समोर, आणि होऊन गेलेला काळही. घडलेले दिसते म्हणून ते समोर. घडायचे दिसत नाही म्हणून पाठीशी. आपण नेमके उलट बोलतो: मागचे दिवस, पुढचे दिवस. पण 'पूर्व' म्हणजे समोरची दिशा आणि आधीचा काळ. 'पश्चात' म्हणजे पाठीमागे आणि नंतर. उगवतीकडे तोंड करून उभ्या माणसाची ही भाषा. 'पूर्वज' त्याच घरातला शब्द.

हा शब्दांचा खेळ मी इथे का मांडतो आहे? या तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी नदीवर धरण झाले आणि सुपे पाण्याखाली गेले. पुढे जंगल व्याघ्र प्रकल्पात आले. 2006 च्या वनहक्क कायद्याने अनुसूचित जमातींखेरीज इतरांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप 2003 मध्ये अनुसूचित जमातीत आले. घाट चढून इकडे आले की कुणबी त्या यादीत नाही. जमीन तीच, देव तेच. पण पुरावा द्यायचा तो यांनी.

कुमरी करून पोट भरलेल्या घरात कागद कुठून असणार? मात्र 2008 च्या नियमांतला तेरावा नियम शिक्षकांनी जरूर वाचावा. दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ, हे सारे त्यात पुरावा म्हणून चालते.

माओरींना हे 1865 पासून ठाऊक आहे. इंग्रजांच्या जमीन न्यायालयात त्यांचे वडीलधारे पिढ्यांची नावे म्हणून दाखवत. त्याच न्यायालयाच्या वाटेने पुष्कळ जमीन हातची गेली, हेही सांगितले पाहिजे. पण कारकुनांनी उतरवलेल्या वह्या राहिल्या, आणि नातवंडे आज त्या उघडतात.

एक कबुली देतो. उठून गेलेल्या एका वाडीतल्या विद्यार्थ्याने आजीचे बोलणे लिहून आणले होते. त्यात शेताचे नाव होते. मला ते अशुद्ध वाटले. लाल शाईने खोडून मी वर 'शेत' लिहिले. मुलाने माझ्याप्रमाणे स्वच्छ प्रत काढली आणि मूळ कागद टाकून दिला. दोन वर्षांनी ते नाव हवे झाले तेव्हा आजी नव्हती.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, घरी कोकणी, भजनात मराठी, कचेरीत कन्नड असे तुमचे तिपेडी आयुष्य आहे. आजी ज्या बोलीत सांगेल त्याच बोलीत लिहा. कुठल्या पाणवठ्यावर कुणाचा हक्क, राखणदार कोणत्या झाडाखाली, शेताला काय म्हणायचे, हे विचारा. खाली तारीख घाला, सांगणाऱ्याचे वय घाला, अंगठा घ्या. आणि मास्तरांनी दुरुस्त केले तर मूळ प्रत आपल्याकडे ठेवा.