चाकातली हवा आणि आपलं काळं रान
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर दुपारी बोलणं आहेच. आता बोलायचं आहे ट्रॅक्टरच्या टायरातल्या हवेवर. हसू नका. आम्ही कृषी पदवीधर; कॉलेजात माती शिकलो, ट्रॅक्टरही शिकलो, पण दोन वेगळ्या खोल्यांत. दोघांची गाठ रानात पडते हे उशिरा कळलं.

एका जूनमध्ये आम्ही भाड्याचा ट्रॅक्टर पाळीला लावला. पाऊस पडून गेलेला, पुरता वाफसा आला नव्हता. गडी आदल्या दिवसापर्यंत सडकेवर मुरमाच्या ट्रॉल्या ओढत होता. मीटर लावून पाहिलं तर मागच्या टायरात २८ पौंड हवा! तरी घाई होती, काम उरकलं. पुढं चाकोऱ्यांत पाणी तुंबलं, आणि तिथली पराटी उपटली तर सोटमूळ वीतभर खाली जाऊन आडवं वळलेलं.

हिशेब सोपा आहे. टायर जमिनीवर जो दाब टाकतो तो साधारण आतल्या हवेच्या दाबाइतका, थोडा जास्तच. एका चाकावर हजार किलो भार आहे आणि हवा १४ पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो, तर टायर सुमारे हजार चौरस सेंटिमीटर पसरून बसतो. तीच हवा २८ केली की जागा निम्मी, दाब दुप्पट. बैलगाडीची लोखंडी धाव ओल्या रानात कशी रुतते ते आपण पाहिलंच आहे. टणक टायर म्हणजे तिचाच भाऊ.

मग सडकेवर जास्त हवा का? वेगामुळे. नांगरताना ट्रॅक्टर तासाला पाच किलोमीटर जातो, मोठं चाक मिनिटाला विसेक फेरे घेतं. सडकेवर पंचवीसनं पळालं की शंभर फेरे. दर फेऱ्याला टायरची बाजू दबते, उठते आणि तापते. वर ट्रॉलीचा भार. हवा कमी असेल तर टायर फुटायला वेळ लागत नाही. म्हणजे मालकाची अडचण खोटी नाही.

आपल्याकडच्या ३५–४५ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला मागच्या टायरात शेतकामाला साधारण १२ ते १४ पौंड आणि भरली ट्रॉली सडकेवर ओढायला १८ ते २० पौंड लागते. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा आणि त्याच्या खाली जाऊ नये, नाहीतर रिम टायरात फिरते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. पुढच्या टायरांचा आकडा वेगळा आणि जास्त असतो. शेतातल्या हवेवर पांदणीनं रिकामं घरी जायचं तर सावकाश जावं. सडकेला लागण्याआधी हवा भरावी. मीटर टायर थंड असताना लावावं. लाथ मारून हवा कळत नाही.

डिझेलचंही पाहा. चाकावर खडूची खूण करा. अवजार वर उचलून दहा फेऱ्यांत किती अंतर जातं ते मोजा, मग अवजार लावून तेच दहा फेरे. आधी १०० फूट आणि आता ८५, तर चाक १५ टक्के घसरतंय. त्यापुढं गेलं की डिझेल मातीत जातंय असं समजा. रान मऊ असताना हवा योग्य पातळीवर आणली की घसरण कमी होते.

एक मात्र कबूल करतो. हवा कमी केल्यानं वरची वीतभर माती वाचते. जड यंत्राचं वजन खोल जातं ते जातंच. उन्हाळ्यात काळं रान भेगाळतं, थोडी दुरुस्ती होते, पण सगळी नाही. आणि वाफसा नसताना कुठलीच हवा उपयोगाची नाही. पहिल्याच फेरीत बहुतेक नुकसान होतं.

आता खरा पेच. ट्यूब मालकाची, रान आपलं. हवा सोडायला दोन मिनिटं लागतात, पण परत भरायला गावात कॉम्प्रेसर कुठं आहे? म्हणून त्याला ती नको असते. आमचं म्हणणं, एकराचा दर ठरवतानाच हवेचं बोलून घ्यावं. चार-सहा जणांनी मिळून एक मीटर घ्यावं, आणि गावातल्या पंक्चरवाल्याकडं हवा भरायचे पैसे आपण द्यावेत. मीटर आज आम्ही सोबत आणलं आहे. बाहेर तीन ट्रॅक्टर उभे आहेत, चहाच्या वेळी लावून पाहू.